वस्तुसंग्रहालयाच्या प्रमुखांचा सेवागौरव करायचाय? बेळगाव-खानापूर भागातल्या मंडळांसाठी, आमच्या अनुभवावरून

आमच्या गावचं वाचनालय, महिला मंडळ आणि शेजारची चार गावं यांनी मिळून एका वस्तुसंग्रहालयाच्या निवृत्त प्रमुखांचा सेवागौरव केला. सर मूळचे धारवाडकडचे, घरात कन्नड. पण खानापूर तालुक्यातल्या मराठी गावांतून फिरता फिरता ते मराठी बोलायला लागले, मोडी वाचायला शिकले. आमच्या विहिरीवरच्या ज्या दगडावर बायका पिढ्यान्‌पिढ्या कपडे धूत होत्या, तो वीरगळ, म्हणजे लढाईत पडलेल्या वीराच्या आठवणीचा कोरीव दगड आहे, हे आम्हाला त्यांनी सांगितलं.

कार्यक्रम चांगला झाला, पण तिथवर पोचेपर्यंत आम्ही बरंच चुकलो. तेव्हापासून तीन-चार मंडळांनी फोन करून "तुम्ही कसं केलंत?" असं विचारलंय. म्हणून सगळं एकदा लिहून ठेवते. मी वाचनालय चालवते, सरकारी कामकाजाची माणूस नाही. जे स्वतः केलं तेच सांगते.

१. आधी निवृत्तीची तारीख आणि नोकरीचा प्रकार विचारा

कर्नाटक सरकारच्या नोकरीत निवृत्तीचं वय ६० आहे. ज्या महिन्यात ६० पूर्ण होतात त्या महिन्याच्या शेवटच्या दिवशी माणूस निवृत्त होतो. जन्म १ तारखेचा असेल तर आधीच्या महिन्याच्या अखेरीस. आम्ही वाढदिवसावरून हिशेब केला आणि महिनाभर चुकलो. तारीख त्यांनाच विचारा.

दुसरी गोष्ट, संग्रहालय कोणाचं आहे ते बघा. कित्तूरचं राणी चन्नम्मांच्या नावाचं संग्रहालय राज्याच्या पुरातत्त्व खात्याचं आहे. काही संग्रहालयं ट्रस्टची असतात, काही कॉलेजांची, काही मठांची. ट्रस्टच्या माणसाला ट्रस्टचं पत्र पुरतं. सरकारी माणसाचं तसं नसतं, आणि आमची सगळ्यात मोठी चूक इथेच झाली.

२. नोकरीत असताना जाहीर सत्कार ठेवू नका

सरांच्याही आधी, बऱ्याच वर्षांपूर्वी, आम्ही एका दुसऱ्या सरकारी अधिकाऱ्यांचा सत्कार ठरवला होता. निवृत्तीला तीन आठवडे होते. हॉल घेतला, पत्रिका वाटल्या, वर्गणीही काढली. दोन दिवस आधी त्यांचा फोन आला, "मला येता येणार नाही, परवानगी नाही." आम्हाला वाटलं, रुसले असतील. खरं म्हणजे आम्हीच त्यांना अडचणीत आणलं होतं.

सरकारी नोकरानं आपल्या सन्मानासाठी भरवलेल्या सभेला जायला, मानपत्र घ्यायला आधी सरकारची मंजुरी लागते. केंद्राच्या १९६४ च्या वर्तणूक नियमांत १४ वा नियम याच विषयावर आहे, आणि राज्याच्या नियमांतही अशीच अट आहे. बदली किंवा निवृत्तीच्या वेळचा खासगी, घरगुती स्वरूपाचा निरोप समारंभ तेवढा चालतो. ऑफिसातले सहकारी चहा-फराळ ठेवतात तो यात बसतो. चार गावं, मानपत्र आणि पेपरात बातमी हे घरगुतीत बसत नाही.

यावरचा सोपा मार्ग असा:

- ऑफिसचा निरोप ऑफिसला करू द्या. त्यात मंडळानं पुढे-पुढे करू नये.
- जाहीर सेवागौरव निवृत्तीनंतर ठेवा. महिना-दोन महिने गेले तरी काही बिघडत नाही.
- संग्रहालयातल्या शिपाई, पहारेकरी, सफाई कामगार यांच्याकडून वर्गणी मागू नका. निरोपासाठी कर्मचाऱ्यांवर दबाव आणून पैसे गोळा करायला नियमांत स्पष्ट मनाई आहे. आणि नियम बाजूला ठेवला तरी ते बरं दिसत नाही.

नोकरीचा शेवटचा आठवडा तर त्यांना मोकळाच सोडा. इतर खात्यांत चार्ज देणं म्हणजे फायली आणि किल्ल्या. संग्रहालयात नोंदवही उघडून एकेक वस्तू नंबराप्रमाणे मोजून, दाखवून, सही घेऊन द्यावी लागते. नाणी तर वजनासकट. आमचे सर त्या दिवसांत जेवायला घरी जात नव्हते. नेमकं तेव्हाच आम्ही "पाच मिनिटं पत्रिकेचा मजकूर बघा" म्हणून जाऊन बसायचो. तेवढं तुम्ही टाळा.

३. कामाची नोंद गोळा करा (याला सगळ्यात जास्त वेळ द्या)

निदान पाच-सहा महिने आधी सुरुवात करा. हॉल, हार, जेवण हे पंधरा दिवसांत होतं. त्या माणसानं तीस-पस्तीस वर्षांत काय केलं हे शोधायला मात्र वेळ लागतो, कारण संग्रहालयातल्या माणसाचं काम दिसत नाही. काचेमागची मूर्ती दिसते. ती कुठल्या शेतातून, कोणाची समजूत काढून, कशी आणली हे कुठेच लिहिलेलं नसतं.

आम्ही एक वही केली आणि गावोगाव गेलो. प्रत्येक ठिकाणी चारच प्रश्न: सर इथे कधी आले होते? काय बघितलं? कोणाशी बोलले? त्यानंतर काय बदललं? "सर कसे होते?" असं विचारू नका. त्याचं उत्तर "फार मोठा माणूस" एवढंच येतं आणि वही कोरी राहते.

एका गावात ऐंशीच्या घरातले एक शेतकरी भेटले. त्यांच्या बांधावरच्या शेंदूर लावलेल्या दगडावर जुनी कन्नड अक्षरं होती. आपल्या भागात, अगदी पूर्ण मराठी गावांतही, हळेकन्नड (जुन्या कन्नडमधले) शिलालेख सापडतात, आणि पुष्कळ ठिकाणी लोक त्यांना देव मानून तेल घालतात. सर पहिल्यांदा आले तेव्हा काकांनी त्यांना दगडाला हात लावू दिला नव्हता. सर परत गेले. पुढच्या अमावस्येला नारळ घेऊन आले, काकांबरोबर पूजा केली, मग ठसा घ्यायची परवानगी मागितली. काकांनी तो ठसा मला हातवारे करून दाखवला: आधी पाणी आणि ब्रशनं दगड स्वच्छ केला, त्यावर ओला कागद पसरला, ब्रशनं ठोकून ठोकून तो अक्षरांच्या खाचांत बसवला, मग कापडाच्या बोळ्यानं काळी शाई हलक्या हातानं टिपली. कागद निघाला तेव्हा काळ्यावर पांढरी अक्षरं. काका म्हणाले, "चाळीस वर्सं नारळ फोडत होतो, पण देव काय बोलतोय ते त्या दिवशी कळलं." त्या लेखात त्यांच्याच गावच्या तळ्याला जमीन दिल्याचा मजकूर निघाला. दगड आजही बांधावरच आहे. सरांनी तो संग्रहालयात नेला नाही, गावातच ठेवा म्हणाले.

असा एक प्रसंग दहा विशेषणांपेक्षा जास्त सांगतो. प्रत्येक गावातून असा एक तरी मिळेपर्यंत वही बंद करू नका.

४. त्यांच्या आवाजात वस्तूंची माहिती रेकॉर्ड करा

हे निवृत्तीनंतर लगेच करा, आठवणी ताज्या असतात. आम्ही सरांना वीस वस्तू निवडायला सांगितल्या आणि एका वस्तूला एक रेकॉर्डिंग असं केलं. मोबाईल पुरतो, पण पंखा बंद करा आणि फोन टेबलावर ठेवू नका. बोटानं टेबल वाजवलं की तेवढंच ऐकू येतं.

विचारायचं ते असं: वस्तू कुठली, कोणी दिली, तिथे आधी तिचं काय चाललं होतं, नोंदवहीत लिहिलं त्याशिवाय काय माहीत आहे. गावाचं नाव त्यांना दोनदा उच्चारायला सांगा, कारण आपल्याकडे एकेका गावाला मराठी एक आणि कन्नड एक अशी दोन नावं असतात. सरकारी संग्रहालयात आत जाऊन फोटो किंवा व्हिडिओ घ्यायचा असेल तर आधी लेखी परवानगी घ्या. ती मिळाली नाही तर घरी बसून फक्त आवाज घ्या, तेवढाही पुष्कळ आहे.

या कामाची निकड मला सरांच्याच एका व्याख्यानातून कळली. बेळगावच्या किल्ल्यातली कमल बस्ती (जैन मंदिर) १२०४ सालातली, रट्ट राजा चौथा कार्तवीर्य याच्या काळातली. त्याच वर्षीचे, रट्टांचे बेळगावातले दोन शिलालेख आज लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये आहेत. बस्तीत जाणाऱ्या किती जणांना हे ठाऊक असतं? वस्तू जागची हलली की तिची गोष्ट मागे राहते आणि सांगणारं कोणी उरत नाही. हलसीचे कदंबांचे ताम्रपट असोत की तुमच्या गावातली जुनी समई असो, दोन्हींची गत सारखीच.

रेकॉर्डिंगच्या तीन प्रती करा: एक वाचनालयात, एक त्यांच्या घरी, एक संग्रहालयाला.

५. पैसे आणि पावत्या

हे थोडक्यात सांगते. नवं मंडळ, नवं खातं या भानगडीत पडू नका. नोंदणी झालेलं वाचनालय किंवा संस्था असेल तिच्या खात्यातून व्यवहार करा, पावतीपुस्तक वेगळं ठेवा. कोणी ८०-जीची पावती मागितली आणि तुमच्या संस्थेला ती सवलत असली, तर लक्षात ठेवा: रोख २,००० रुपयांच्या वरच्या देणगीला करसवलत मिळत नाही. मोठी रक्कम चेकनं किंवा ऑनलाइन घ्या. हिशेब कार्यक्रमानंतर आठ दिवसांत वाचनालयाच्या फळ्यावर लावा.

६. तारीख

बेळगावात तारीख ठरवताना पंचांगाबरोबर आणखी काही बघावं लागतं. १ नोव्हेंबरच्या आसपासचे दिवस सोडा. एका बाजूला कर्नाटक राज्योत्सव, दुसऱ्या बाजूला मराठी माणसांचा काळा दिन, पोलीस बंदोबस्त, आणि दोन्ही भाषांची माणसं एका हॉलमध्ये आणणं त्या दिवसांत जड जातं. डिसेंबरमध्ये बेळगावच्या सुवर्ण विधानसौधात राज्याच्या विधिमंडळाचं अधिवेशन असलं की अधिकारी, पोलीस, लॉज काहीच मिळत नाही. पावसाळ्यात खानापूरच्या जंगलभागातली माणसं येऊ शकत नाहीत.

चांगले दिवस म्हणजे १८ एप्रिल, जागतिक वारसा दिन. १८ मे, आंतरराष्ट्रीय संग्रहालय दिन. नाहीतर १९ ते २५ नोव्हेंबर, जागतिक वारसा सप्ताह. या दिवशी सत्काराला जोडून शाळेच्या मुलांसाठी काही ठेवता येतं. आम्ही १८ मे घेतला. ऊन फार होतं, ताक संपलं, ताक दुप्पट करा.

७. लागणारी कागदपत्रं

- सत्कारमूर्तींची लेखी संमती आणि नोकरीच्या तारखा (रुजू, बदल्या, निवृत्ती) त्यांच्याच अक्षरात
- कार्यक्रम नोकरीत असतानाच करायचा असेल तर खात्याची मंजुरी
- हॉलची पावती
- लाऊडस्पीकरसाठी पोलीस ठाण्याची परवानगी (रात्री १० नंतर सहसा मिळत नाही)
- रस्त्यावर बॅनर लावणार असाल तर महापालिकेची किंवा ग्रामपंचायतीची परवानगी
- फोटो आणि जुनी पत्रं छापायला देणाऱ्यांची संमती

सरकारी ऑफिसातले अर्ज कन्नडमध्ये द्या, सोबत मराठी प्रत जोडा. आपल्या भाषेत उत्तर मिळावं ही आपली मागणी जुनी आहे आणि मलाही ती पटते. पण इथे काम तारखेच्या आत व्हायला हवं असतं. आमच्या शाळेतल्या कन्नड बाईंनी तासाभरात सगळे अर्ज लिहून दिले.

फ्लेक्स छापू नका. कर्नाटकात २०१६ पासून प्लास्टिकच्या फ्लेक्सवर बंदी आहे, छापणारा छापून देतो आणि उतरवायला लावतात तुम्हाला. कापडी बॅनर रंगवणारे शहापूर भागात अजून आहेत.

८. नाव बरोबर लिहा

याला वेगळा मुद्दा केलाय, कारण इथे हमखास चूक होते. आपण नाव, वडिलांचं नाव, आडनाव असं लिहितो. कन्नड माणसाच्या नावात आद्याक्षरं आधी येतात आणि त्यातलं एखादं गावाचं असतं. आम्ही पत्रिकेत सरांचं नाव मराठी पद्धतीनं "पूर्ण" करायला गेलो आणि त्यांच्या गावाचं नाव वडिलांच्या जागी बसवलं. तीनशे पत्रिका परत छापल्या.

उलटीकडेही असंच. मराठीत 'ए' एकच, कन्नडमध्ये ऱ्हस्व आणि दीर्घ असे दोन, 'ओ'चंही तेच. मराठी माणसानं अंदाजानं कन्नड पाटी रंगवली की आडनावाचा अर्थ बदलतो. त्यांच्याकडून दोन्ही लिपींत नाव लिहून घ्या, त्याचा फोटो काढा आणि तोच छापखान्यात द्या.

९. मानपत्र

एक पान, वाचायला तीन मिनिटं. अर्धं मराठी, अर्धं कन्नड, आणि दोन्ही स्वतंत्र लिहिलेले. एकाचं दुसऱ्यात भाषांतर केलं की दोन्ही ओबडधोबड होतात. कन्नड भाग कन्नड लिहिणाऱ्यालाच द्या, वही त्याच्या हातात ठेवा.

आमचा पहिला मसुदा "ज्ञानतपस्वी, इतिहासाचे व्रतस्थ उपासक" असा होता. सरांच्या घरी दाखवला तेव्हा त्यांच्या पत्नी म्हणाल्या, "छान आहे, पण हे कोणाबद्दल आहे?" मला फार वाईट वाटलं आणि त्यांचं पटलंही. मग वही उघडून परत लिहिलं. त्यातली काही वाक्यं अशी होती:

"आपण आमच्या गावी पहिल्यांदा आलात तेव्हा एस.टी. चुकली म्हणून सात मैल चालत आलात. विहिरीवरचा वीरगळ आपण उलटा करून धुतलात आणि आमच्या मुलांना तो खालून वर कसा वाचायचा ते शिकवलंत: खाली लढाई, मध्ये वीराला नेणाऱ्या अप्सरा, वर शिवलिंग आणि चंद्र-सूर्य. त्या दिवसापासून त्या दगडावर कोणी कपडे धुतले नाहीत."

हे वाचलं तेव्हा सरांनी चष्मा काढला. मागच्या रांगेत बसलेल्या आमच्या गावच्या बायका एकदम "होय, होय" म्हणाल्या.

गौरव अंक काढणार असाल तर लेखकांना ३०० शब्द आणि एक प्रसंग एवढंच मागा, दीड महिना आधी मजकूर बंद करा, आणि मुद्रितं दोन वेगवेगळ्या माणसांनी वाचा. तेवढी ताकद नसेल तर अंक सोडा, मानपत्र आणि रेकॉर्डिंग सोडू नका.

१०. व्यासपीठ

पाच खुर्च्या. सत्कारमूर्ती, त्यांचे जोडीदार, अध्यक्ष, एक पाहुणे. पाचवी खुर्ची आम्ही बांधावरच्या काकांना दिली. पुढाऱ्यांना बोलवायचं असेल तर श्रोत्यांत पहिल्या रांगेत मान द्या आणि भाषण नाही हे आधी सांगा. सांगताना अवघड वाटतं, पण बहुतेक जण समजून घेतात.

सत्कारमूर्तींचं बोलणं शेवटी ठेवायची रीत आहे, ती मोडा. शेवटपर्यंत लोक उठतात, गाडी गाठायची असते. आम्ही मानपत्रानंतर लगेच सरांना बोलू दिलं. अर्धं कन्नडमध्ये, अर्धं मराठीत बोलले, आणि कोणाला भाषांतर लागलं नाही.

फेटा कोल्हापुरी की म्हैसुरी पेटा, यावर आमच्यात दोन बैठका गेल्या. शेवटी सरांनाच विचारलं. ते म्हणाले, "गावच्या माणसाच्या हातचा बांधलेला चालेल." काकांनी स्वतः बांधला. जोडीदाराची ओटी भरायची असेल तर तेही आधी विचारून घ्या. सगळ्यांना चालतंच असं धरू नये.

संग्रहालयातले पहारेकरी, सफाई करणाऱ्या मावशी, ड्रायव्हर यांना नावानं उभं करा. सरांनी स्वतःच्या भाषणात सर्वांत आधी त्यांचीच नावं घेतली.

११. भेट काय द्यावी

एक गोष्ट अजिबात करू नका: घरातली किंवा शेतात मिळालेली जुनी मूर्ती, ताम्रपट, पोथी भेट म्हणून देणं. भक्तीनं देणारे असतात, आमच्याकडेही एक जण कापडात गुंडाळून घेऊन आले होते. १९७२ च्या पुरावस्तू कायद्याप्रमाणे शंभर वर्षांहून जुनी वस्तू पुरावस्तू ठरते, हस्तलिखिताला पंच्याहत्तर वर्षं पुरतात. मूर्ती, सचित्र पोथ्या अशा काही प्रकारांची नोंदणी करावी लागते. ज्या माणसानं आयुष्यभर हा कायदा लोकांना समजावला त्याच्या हातात व्यासपीठावर अशी वस्तू देणं म्हणजे त्याची कुचंबणा. सरांनी ती घेतली नाही. खाली उतरून त्या गृहस्थांजवळ बसले आणि संग्रहालयाला रीतसर कशी द्यायची ते कागदावर लिहून दिलं.

शाल, पुस्तकं, आपल्या बेळगावचा कुंदा, शहापूरची साडी हे पुष्कळ झालं. उरलेल्या पैशांचं काय करावं ते सरांनाच विचारलं. त्यांनी मागितलं ते आमच्या वीरगळांना एक ओटा आणि वर पत्रा. तुमच्याकडे असं काही करायचं असेल तर आधी बघा, जागा संरक्षित स्मारकाजवळ आहे का. केंद्र संरक्षित स्मारकापासून १०० मीटरपर्यंत बांधकामाला बंदी आहे, त्यापुढच्या आणखी २०० मीटरमध्ये परवानगी लागते. आमचे दगड संरक्षित यादीत नव्हते, म्हणून ग्रामपंचायतीचा ठराव घेतला, पीडीओ (पंचायत विकास अधिकारी) साहेबांनी जागा मोजून दिली. दगडांना सिमेंट लावलं नाही, ऑइलपेंट लावला नाही, वाळूवर उभे केले. ते कसे उभे करायचे ते सर तीन रविवार येऊन दाखवून गेले, प्रत्येक वेळी एस.टी.नं.

१२. नंतरचे आठ दिवस

मानपत्राची आणि फोटोंची एक प्रत वाचनालयात दाखल क्रमांक देऊन ठेवा. ज्या गावांतून प्रसंग मिळाले त्या प्रत्येक गावी एक प्रत पोचवा, पोस्टानं नको, कोणीतरी हातानं द्या. काकांच्या घरी मी स्वतः गेले. त्यांना वाचता येत नाही. नातीनं मोठ्यानं वाचून दाखवलं, आणि दगडाचा मजकूर आला तिथे काकांनी तिला थांबवून परत वाचायला लावलं.

वहीत अजून पानं शिल्लक आहेत. सर आता दर महिन्याच्या दुसऱ्या रविवारी वाचनालयात मोडी शिकवायला येतात. कोणाला यायचं असेल तर या, सकाळी दहाला सुरू होतं.